लड्डूचा मोठा घास

प्रिय आशय,

लड्डू ठीक आहे. गेल्या आठवड्यात त्यानं कात टाकली, अख्खी, मोज्यासारखी, कुठेही न फाटता. ती मी तुझ्या कपाटात ठेवली आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव त्याच्यात अडकायला नको. मधे तो मरता मरता वाचला. तुला फोनवर मिळणाऱ्या त्या चार मिनिटांत हे सगळं सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

तू दिवाळीनंतर तिकडे गेलास आणि इकडे थंडी पडली. लड्डूनं खाणं सोडलं. तू सांगून गेला होतास की अजगराच्या या जातीत हिवाळ्यात असं होतं, घाबरायचं नाही, म्हणून मी घाबरले नाही. फ्रीझरमधला छोटा उंदीर काढायचा, कोमट पाण्यात सोडायचा, चिमट्यानं समोर धरायचा, आणि त्यानं तोंड फिरवलं की फेकून द्यायचा, एवढंच मी करत राहिले. पण बाबांना ते पाहवेना. तू असताना ते तुझ्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडत नसत, आठवतं ना? ‘घरात साप पाळणारा पोट्टा रायपुरात एकच, अन् तो आमचाच’ असं आपल्या सगळ्या बूढ़ापारा मोहल्ल्याला सांगत फिरायचे. तू गेल्यावर मात्र एकदा मी उरल्याच्या प्लांटवरून परत आले तर बाबा काचेच्या पेटीसमोर स्टूल टाकून बसलेले. पुढे ते रोजचंच झालं. पेपर तिथे, चहा तिथे, दुपारची डुलकीही तिथेच. मी डबा भरून निघाले की मागून म्हणायचे, “पोट्टं उपाशी हाये अन् तू चालली ड्युटीवर. काहून खाऊन नाही राहिलं ते, जरा पाहा तरी.” मी म्हणायचे, बाबा, त्याला भूक नाहीये. त्यांना ते पटत नसे. आई गेल्यापासून आपल्या दोघांच्या ताटात त्यांनी न विचारता किती पोळ्या वाढल्या असतील, तूच सांग.

जानेवारीत एके दिवशी मी कामावर असताना ते स्कूटर काढून पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं साप केवढा आहे म्हणून विचारलं, तेव्हा यांनी दोन्ही हात फैलावून दाखवले असणार. गोठवलेला एक पांढरा उंदीर घेऊन आले, आपल्या लड्डूच्या दुप्पट मोठ्या सापाला लागेल एवढा. माझं पाहून पाहून त्यांना सगळं येत होतंच. कोमट पाणी, चिमटा, सगळं बरोबर केलं. आणि इतके दिवस तोंड फिरवणाऱ्या लड्डूनं नेमका तो घेतला. मी घरी आले तेव्हा बाबा दारातच उभे होते, चेहरा उजळलेला. “अन्नू, खाल्लं त्यानं! अख्खं खाल्लं!” मी आत जाऊन पाहिलं. त्याच्या अंगाच्या मध्यात नारळ अडकल्यासारखा फुगा आला होता. तिथली कातडी इतकी ताणली होती की खवल्यांच्या मधली पांढरी रेघ दिसत होती. तो वेटोळं घालायला बघायचा आणि जमत नव्हतं.

तुझ्या फोनमधला लड्डूच्या डॉक्टर गंधालींचा नंबर मी उतरवून ठेवला होता. त्यांनी फोटो मागवला आणि माझ्यावर ओरडल्याच, “दीदी, हात लावायचा नाही! दाबायचं नाही, ओढायचं नाही, उचलून आणायचं तर मुळीच नाही.” मग शांतपणे समजावलं. सापाला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. पेटीची उबदार बाजू बत्तीस डिग्रीवर राहिली पाहिजे, नाहीतर आतला उंदीर पचायच्या आधी सडेल. वाटीत स्वच्छ पाणी ठेवा, पेटीवर कापड टाका, घरात आवाज नको. त्यानं उलटी केली तर दोन-तीन आठवडे काही खायला द्यायचं नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, किंवा फुगा उतरण्याऐवजी वाढू लागला, तर लगेच फोन करा. बाबा बाजूला उभं राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, “म्हणजे म्याच मारलं त्याले.” मी नाही म्हटलं, पण माझ्याही आवाजात जोर नव्हता.

त्या दिवसापासून घरात कुकरची शिट्टी बंद. भात पातेल्यात. टीव्ही बंद. गल्लीत कुणाच्या बारशाचा डीजे लागला, तर बाबा हात जोडून सांगायला गेले, आमच्याकडे पेशंट आहे म्हणून. खोटं बोलले असं त्यांना वाटलंच नाही.

आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. बाहेर धुकं, लाइट नाही, पेटीखालची गरम गादी थंड. बिजलीवाले म्हणाले, संध्याकाळ होईल. मी डोकं धरून बसले. बाबा मात्र गुडघे शेकायची रबरी पिशवी घेऊन आले, मग शेजाऱ्यांकडून आणखी दोन आणल्या. गॅसवर पाणी तापवायचं, पिशव्या भरायच्या, टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला लावायच्या, वरून आईची जुनी रजई. तू लावलेल्या थर्मामीटरवरचा आकडा मी वाचायचा आणि बाबांनी पळायचं. दिवसभर हेच. बस म्हटलं तर बसले नाहीत. मधेच गरम पाणी हातावर सांडलं, फोड आला, तरी पुढची पिशवी भरून झाल्यावरच हात नळाखाली धरला.

दुपारी जरा पारा टिकला तेव्हा आम्ही दोघं तुझ्या पलंगाला टेकून जमिनीवर बसलो. तिथे बाबा आपणहून बोलले. तुला व्यसनमुक्ती केंद्रात सोडायला गेलो होतो त्या दिवसाबद्दल. तू गाडीतून उतरलास, बॅग घेतलीस, खिडकीशी वाकून “बाबा, येतो” म्हणालास आणि त्यांनी तुझ्याकडे पाहिलंही नाही. तू आत जाईपर्यंत चारदा मागे वळलास. ते तुला किती लागलं, हे तू मला पहिल्याच फोनवर सांगितलंस. ‘त्यांच्यासाठी मी मेलो’ म्हणालास. आशय, बाबा त्या दुपारी काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. “मी उतरलो असतो ना अन्नू, तर त्याले घेऊनच वापस आलो असतो. त्याच्या डोळ्यात पाहून मले त्याले अंदर सोडणं जमलं नसतं. म्हणून सामोर पाहत बसलो.”  आणि एकदम उठले, पिशवी थंड झाली असंन म्हणून.

संध्याकाळी लाइट आली. लड्डूनं उलटी केली नाही. फुगा इतका हळूहळू उतरला की रोज पाहणाऱ्याला कळूच नये. बाबांना मात्र कळायचं. काचेला नाक लावून ते सांगायचे, आज मागे सरकला, आज चपटा झाला. पुढच्या आठवड्यात मी प्लांटच्या ऑफिसात असताना त्यांचा फोन आला, आवाज इतका चढलेला की मी घाबरूनच बाहेर पळाले. “अन्नू, त्यानं संडास केली! खूप केली!” बाहेर ट्रक उभे, लोखंडाची धूळ उडते आहे, आणि मी तिथे उभी राहून रडत हसते आहे. पेटी त्यांनीच साफ केली. डॉक्टर गंधालींना स्वतः फोन लावून विचारलं, आता पुढचं जेवण कधी अन् केवढं. त्यांनी सांगितलं, त्याच्या अंगाच्या जाडीएवढंच, त्याहून मोठं कधीच नाही. “हव, हव,” बाबा म्हणत होते, “आता मोठं नाही देणार.” येत्या रविवारी तुझ्याशी बोलायचं असं त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. एरवी तुझा फोन आला की ते माझ्या खांद्याशी कान लावून उभे असायचे आणि फोन पुढे केला की हातानं नको म्हणायचे. या वेळी म्हणाले, मले दे, मीच सांगतो त्याले लड्डूचं.

तो रविवार आला नाही रे. शुक्रवारी सकाळी बाबा बूढ़ा तालाबावर फिरायला गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन खाली बसले. ओळखीच्या माणसांनी दवाखान्यात नेलं. मी उरल्याहून पोचेपर्यंत ते गेले होते. तुझं औषध तेव्हा बदलत होतं. आत्ता हे कळलं तर पोरगा पुन्हा नशेकडेच वळेल, थोडं थांबा, असं तिथले डॉक्टर आणि तुमचे समुपदेशक भार्गव सर दोघंही म्हणाले, आणि मी थांबले. बाबा फोनवर येत नाहीत याची तुला सवयच होती, म्हणून तू विचारलं नाहीस. अग्नी मी दिला. तेरावं झालं. आता तुला सांगायला हरकत नाही असं परवा सर म्हणाले. हे पत्र तेच तुझ्या हातात देतील आणि वाचून होईपर्यंत तुझ्याजवळ बसतील. तुला जेवढं ओरडायचं, रडायचं असेल तेवढं त्यांच्यासमोर कर, माझ्यावर चिड, पण गेट ओलांडून एकटा निघू नकोस. शनिवारी मी गाडी घेऊन येते. तुला दोन दिवस घरी न्यायची परवानगी मिळाली आहे. अस्थी मुक्तिधामात ठेवल्या आहेत. काका म्हणत होते की राजिमच्या संगमावर नेऊन मोकळी हो, मी नाही म्हटलं. ते तुझ्या हातून व्हायचं आहे. जेवून तयार राहा.

शनिवारी गेटपाशी उतरून तुझी वाट पाहणारी,
तुझीच
अनुश्री दीदी