ग्रीक ‘ने’

हवल्ली, कुवेत
बुधवार

तीर्थरूप बाबा,

दर शुक्रवारी फोनवर तुम्ही विचारता, “अजून त्या कविताबिविता करतेस का गं?” मी “नाही” म्हणते. ते साफ खोटं आहे. रिफायनरीच्या पाइपांची ड्रॉइंग्ज मी चोख तपासते, त्यात तुमची मान कधी खाली जाणार नाही. पण कविताही करते, आणि त्याही तितक्याच चोख.

आमच्या टीममध्ये स्ताव्रोस नावाचा ग्रीक इंजिनिअर आहे. वेल्डिंग तपासायला तो आला की सगळे टरकतात. त्याच माणसाची कवितांची तीन पुस्तकं निघाली आहेत. परवा जेवणाच्या सुट्टीत मी धीर करून माझ्या एका कवितेचा इंग्रजी अनुवाद त्याच्या हातात ठेवला. वाचता वाचता तो मान हलवत पुटपुटला, “ने, ने.”

मी झटकन कागद काढून घेतला. बारावीत माझी वही टेबलावर आपटून तुम्ही हेच म्हणाला होतात, “ने ही इथून!” तेव्हा मी मुकाट्याने नेली होती.

स्ताव्रोस चक्रावला. “अगं, काढून का घेतलास? मी ‘हो, हो’ म्हणत होतो!” ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’.

मी कागद परत दिला. सोबत आणखी चार दिले.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. शुक्रवारी तुम्ही नेहमीचा प्रश्न विचाराल, तेव्हा मी ग्रीकमध्ये उत्तर देईन.

तुमचीच, इंजिनिअर आणि कवयित्री,
सलोनी