अर्धा मिनिट कुणी बोलू नका

आई, आधीच सांगते, लिहिण्यात चुका होतील, पोटात घाल. नववी अर्धी सोडली ती सोडली, त्यानंतर पेन हातात धरला नाय. आता फोनवर एका अंगठ्यानं टाईप करते. एक अक्षर सापडतं तवर दुसरं विसरायला होतं, लई हळू चालतंय. पण तोंडानं तर मला कधीच जमलं नाय, तुला ठावंच हाय. पावणं आलं की मी तुझ्या पदरामागं, नायतर कणगीमागं. आता तू नाय आणि कणगी पण नाय. पत्र्याचं पिंप हाय, त्याच्यामागं मी मावत नाय.

ऐकून हसशील. मी रेडिओवर कामाला लागले. त्याला इंटर्नशिप म्हणतात, म्हंजे शिकायचं आणि शिकता शिकता पगार पण मिळतो. आपल्या कोनाड्यात व्हता तसला रेडिओ नाय हा, मोबाईलवर ऐकायचा. मंचरला एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत चालतो. निवडणुका, ग्रामसभा, पंचायत, कोण काय बोललं आणि मग कुणी काय केलं, त्याच्यावर हे एवढंच असतं. दादानं जाहिरात दाखवली, शिक्षणाची अट नाय, गावाकडची माहिती पाहिजे. मी नको नको म्हणत असतानाच त्यानं नाव टाकून दिलं. पहिल्या दिवशी त्या खोलीत गेले आणि बघतच राहिले. चारी भिंतींना गोधड्या टांगलेल्या. आपल्यासारख्याच, जुन्या लुगड्यांच्या. आवाज घुमू नये म्हणून. रेडिओ चालवणाऱ्या ताईंनी माझ्या कानावर हेडफोन चढवला आणि माईक खिडकीतून बाहेर धरला. आई, मला खालच्या रस्त्यावरच्या बाईच्या बांगड्या ऐकू आल्या. ती कुठं दूर भाजी निवडत व्हती आणि तिचा हात माझ्या कानात हलत व्हता. माझ्या अंगावर काटा आला. ताई म्हणल्या, "आता तू बोल काहीतरी." मी बोललेच नाय. मला वाटलं आता घरी धाडतील. तर म्हणल्या, "बरं झालं बाई. इथं सगळी बडबडीच भरलीत."

तिथं एक गोष्ट शिकवली ती तुला सांगायचीच हाय. मुलाखत संपली की आवाज भरायची मशीन लगेच बंद करायची नाय. "आता अर्धा मिनिट कुणी बोलू नका" असं सांगायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता भरून घ्यायची. नंतर कुणाचा खोकला कापला की तिथं भोक पडतं, त्या भोकाला त्याच घरातल्या शांततेचं ठिगळ लावायचं. दुसऱ्या घरची शांतता चालत नाय, लगेच कळतं. मला आधी खोटं वाटलं. मग ऐकलं. कळंबच्या एका किराणा दुकानातली शांतता फ्रीजसारखी घुरघुरती. ओतूरच्या एका मातीच्या घरातली एकदम गार, माठात तोंड घातल्यासारखी. गप्प बसण्यात पण एवढं काय काय असतंय, मला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत तर गप्प बसले म्हणून बाकावर उभं करायचे.

मग ताईंनी कार्यक्रम काढला, बाई सरपंचांचा. गावोगाव जायचं आणि त्यांच्याच तोंडून ऐकायचं. मी ते ऐकलं आणि आपलं सैपाकघर आठवलं. तू सरपंच झालीस तेव्हा मी लहान व्हते, पण लोक आप्पांनाच सरपंच म्हणायचे एवढं कळायचं. बाहेर ओट्यावर मिटिंग बसायची आणि तू आत चुलीम्होरं. मधीच हाक यायची, "वहिनी, सही." तू पीठ लागलेला हात पदराला पुसायचीस, बाहेर जायचीस, सही करायचीस आणि येऊन परत भाकरीला हात लावायचीस. तवा पण तापलेलाच असायचा. तेवढ्यात गाव चालायचं.

दोन गावांत जाऊन आले मी, आणि दोन्ही टायमाला मशीनमधी नवऱ्यांचाच आवाज घेऊन आले. ताई रागावल्या नायत, पण म्हणल्या, "हे आपण लावायचं नाय. तिसऱ्या टायमाला पण असंच झालं तर कार्यक्रमच बंद करते. पुरुषांचं ऐकायला लोकांना चौकात बसता येतं." मला झोप लागंना. कार्यक्रम बंद पडला तर तो माझ्यामुळं बंद पडणार व्हता, कारण ताई दुसऱ्या कामात आणि तिसऱ्या गावाला पण मीच जाणार व्हते.

गावाचं नाव नाय सांगत, शिनोलीवरून आत जायचं. एसटीतून उतरले, माईकची पिशवी पोटाशी धरून. घरात सरपंचबाई, त्यांना मी मावशी म्हणले, आणि त्यांचे मालक. मालकांना सगळे साहेब म्हणतात.

"मॅडम न्हाई आल्या व्हय? पोरगीच धाडली," साहेब म्हणले. "बरं, इचार काय इचारायचं ते."

मी कागदावरचं वाचलं, मावशींकडं बघून. "सरपंच झाल्यावर तुमी पहिलं काम कुठलं केलं?"

"पाण्याचं," साहेब म्हणले. "घरोघर नळ दिला आमी. वरच्या वाडीला सुद्धा."

"तुमाला काम करताना काय अडचण येती का?"

"अडचण कसली? मी हाय ना."

मावशी एकदाच बोलल्या. "घे गं, चहा घे."

कागद संपला. माझे कान तापले व्हते. मी म्हणले, आता अर्धा मिनिट कुणी बोलू नका, शांतता भरायची हाय. "गप बसायचं? त्यात काय भरायचं?" साहेब हसले. मी म्हणले, मशीनला लागतं. मशीनला लागतं म्हणल्यावर ते एकदम शहाणे झाले, फोटो काढायला बसल्यासारखे गुडघ्यावर हात ठेवून बसले. पंखा फिरतोय. बाहेर कोंबडी कुरकुरती. अर्धा मिनिट झाला. आता मी "झालं" म्हणायचं असतं. आई, माझ्या तोंडातून ते निघेना. एकदा म्हणले की संपलं, परत साहेबांचाच आवाज घेऊन मंचरला जायचं. मी तशीच बसले. साहेब डोळ्यांनी विचारतायत, झालं का? मी मशीनच्या लाल दिव्याकडं बघते. आणि तेवढ्यात मावशी बोलायला लागल्या.

"नळ हाय," त्या म्हणल्या, लई सावकाश, माईककडं न बघता. "वाडीत पाणी नाय चढत. पोरं नळाला दप्तर अडकवतात. मी ग्रामसभेत सांगायला उठले व्हते. हे म्हणले, बस. मी बसले. वाडीतल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघत व्हत्या. त्या दिवसापासनं हापशावर मी गेले की त्या बोलायच्या थांबतात. मीच मत मागायला गेले व्हते त्यांच्या दारात, माझ्या पायानं. आता पुढच्या सभेला मी उठणार. आणि बसणार नाय."

साहेबांचं तोंड लाल झालं. हात हलवतायत, मशीनकडं बोट दाखवतायत, पण आवाज काढत नायत. मशीन बिघडंल म्हणून! माझ्या कानात मावशींचा आवाज असा येत व्हता की घरात दुसरं कुणीच नाय. जाडा, थोडा बसलेला, न वापरलेला आवाज. देवळात उभं राहिल्यावर होतं तसं मला झालं.

मग मी म्हणले, "झालं."

"पुसून टाक ते!" साहेब उठलेच. "मुलाखतीत नव्हतं ते. मुलाखत संपली व्हती."

मी त्यांच्याकडं बघितलंच नाय, बघितलं असतं तर पुसलं असतं. मावशींना विचारलं, "मावशी, ठेवू का पुसू?" कागदावर नसलेला हा माझा पहिला प्रश्न.

"सरपंच म्हणून नाव कुणाचं घेणार हायस?"

"तुमचं."

"मग ठेव. आणि अहो, तुमी चहा घ्या, निवला."

ताईंनी ऐकलं आणि हेडफोन काढून विचारलं, "असं काय विचारलंस गं तिला?" मी म्हणले, काय नाय, गप्प बसले. त्या हसत सुटल्या, गोधडीत तोंड घालून. कार्यक्रम लागला.

आपल्या घरी तो दादाच्या फोनवर लागला, संध्याकाळी, ओट्यावर. आप्पा शेळीला पाला बांधत व्हते, ते तसेच उभे राहिले हातात दोरी घेऊन. मावशींचं "मी बसले" झालं आणि आप्पा खाली टेकले. मला तुझा पंधरा ऑगस्ट आठवत व्हता. त्याच्या आधी कितीतरी दिवस तू भाकरी थापताना ओठ हलवायचीस, मला वाटायचं तू देवाचं म्हणतीस. झेंड्याच्या दिवशी तू दोरी ओढलीस आणि भाषण आप्पांनी केलं. कार्यक्रम संपल्यावर आप्पा म्हणले, "तिचं पाठ व्हतं भाषण. सगळं."

मी विचारलं, "काय व्हतं त्यात?"

आप्पांनी हातातली दोरी गुंडाळली. मग म्हणले, "मी ऐकलंच नाय."

आई, हे कुठं धाडायचं मला ठावं नाय, फोनमधीच राहू दे. तुझा चेहरा मला आठवतो, हात आठवतात, ओठ हलताना आठवतात. आवाज आठवत नाय. मावशींचा ऐकताना मी तो तुझाच हाय असं समजून ऐकला, आणि परत परत ऐकते.

आणि घरची बातमी, काल दादाची सुपारी फुटली, लग्न ठरलं. पोरगी ओतूरची हाय.