ढावलोचे काना-मात्रा

प्रिय मिनाताई,

पुण्याहून हे पाकीट आलेलं बघून तू दचकली असशील. फोन असताना हा पत्र काहून लिहून राहिला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस. ‘जाऊ दे रे, बिघडलं तर बिघडलं. लेकराच्या हातून काय सांडत न्हाई का?’ म्हणालीस आणि सरळ आपल्या धाकट्या संगिताच्या लग्नातल्या जेवणाचं बोलायला लागलीस. ताई, मी लेकरू नाही गं. कंपनीत लोकांचे मजकूर साफ करायचा पगार घेतो. तू चार शिव्या घातल्या असत्यास तर मला रात्री झोप लागली असती.

नेमकं काय झालं ते तुला कळायलाच हवं. तू पाठवलेल्या फ्लॉपीतल्या गाण्यांमध्ये मधेमधे फुल्या, टक्के, तिरपे बाण शिरलेत, तेवढे काढून दे, असं तू सांगितलं होतंस. आमच्याकडे त्याची एक युक्ती आहे. चौकटी कंसात आपल्याला हवी तेवढी अक्षरं लिहायची, त्यांच्याआधी टोपीसारखी एक खूण द्यायची. म्हणजे ‘एवढी सोडून बाकी सगळं’ असा हुकूम होतो. मी कंसात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोकळी जागा लिहिली आणि बाकीचं उडवलं. रोज करतो तसंच, चहा पीत. पण औंढ्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तू ज्या फॉन्टमध्ये टाइप केलंस, त्यातलं मराठी फक्त पडद्यावर मराठी दिसतं. आत सगळी इंग्रजी चिन्हंच असतात. क म्हणजे एखादं इंग्रजी अक्षर, काना म्हणजे एखादा कंस, वेलांटी म्हणजे टक्का. मी कचरा म्हणून झाडलं ते काना, मात्रा, वेलांट्याच होत्या. काही अख्खी अक्षरंही गेली. जिथे ‘याडी’ होतं तिथे ‘यड’ उरलं, आईचं नावच मोडलं. आणि नक्कल न काढता, त्याच फ्लॉपीवर! कंपनीत नव्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. दुकानदार प्रेमदासला फोन केला, तर त्यानं व्हायरस आला म्हणून सगळा कॉम्प्युटर कोरा करून टाकलेला.

अंगणवाडी सुटल्यावर सिद्धेश्वरहून जीपमध्ये दाटीवाटीनं औंढ्याला जाऊन, एका बोटानं तू ते टाइप करत होतीस. याडीला लकवा व्हायच्या आधी तिच्या तोंडून उतरवलेली गाणी, आणि त्या वहीचाही आता पत्ता नाही. तांड्यातल्या नव्या पोरींना आता ढावलो गाऊन रडता येत नाही, नवरी निघताना टेप लावतात, याचा याडीला केवढा राग! ‘नवरी रडती का टेप रडतो?’ असं सगळ्यांसमोर म्हणायची. संगिता तरी गळ्यात पडून, गाऊन रडली पाहिजे, एवढाच तिचा हट्ट होता. आता तिला ‘ढ’ म्हणता येत नाही आणि जे उतरवून ठेवलं ते मी बोडकं करून टाकलं. याडीला सांगितलंस का गं? सांगू नकोस. नाहीतर सांग.

गेले आठ-दहा दिवस मी उरलेल्या अक्षरांना काना-मात्रा लावत बसलोय. सोबतच्या कागदांवर बघ. आईच्या गळ्यात पडून गायचं, बापाचं, मैत्रिणींचं, ही बरीचशी जुळली. लहानपणी मांडवात लोळताना ऐकलेलं कुठेतरी राहिलं होतं. म्हणत म्हणत लिहिलं. शेजारच्या खोलीतल्या मुलांनी दार वाजवून विचारलं, कोणी गेलं का म्हणून. एकच गाणं काही केल्या जुळेना. एकही ओळ नाही. बहीण भावाच्या गळ्यात पडून गाते ते.

का जुळेना, ते काल कळलं. ते मी कधी अंगावर घेऊन ऐकलंच नाही. तू सासरी निघालीस तेव्हा मी नांदेडला बारावीचा पेपर लिहीत होतो. मला कळवू नका, असं बापूला तूच बजावलं होतंस. गळ्यात पडायला भाऊ नाही म्हणून तू ते गाणं गिळलंस आणि मी आलो तेव्हा तू माझ्या निकालाचंच विचारत होतीस. त्याबद्दल आपण आजवर एक शब्द बोललो नाही. म्हणून हे पत्र, ताई. शनिवारी मी तांड्यावर येतोय. ते गाणं मला तोंडी सांगू नकोस, कागदावर लिहून देऊ नकोस. याडीच्या बाजेपाशी, तिच्यासमोर, माझ्या गळ्यात पडून गा. संगिताला मग तू शिकव. पण आधी तुझं राहिलेलं रडून घे. मी हलणार नाही.

तुझाच,
विकास