पांढरं पातळ

शिरूर
ता. २ जून १९७६

चि. सौ. शालन हिला आजीचा सप्रेम जयभीम. जावईबापू संपतरावांना आन् घरातल्या समद्यांना जयभीम सांगणे.

आम्ही इकडं खुशाल. ऊन लई हाय. शेळी व्याली, दोन करडं झाली. भागुबाईच्या सुनेला पोरगं झालं तर भागुबाई पेढे वाटायचे सोडून शेंगदाणे वाटत फिरली. मी म्हटलं, पोरगं झालं का माकड. तवापासून बोलत न्हाई. बरंच झालं.

पत्र माझ्याच हातानं लिहितीया. ग्रामशिक्षण मोहिमेच्या रातच्या वर्गात अक्षरं शिकले ती आज कामाला आली. वाकडी दिसली तर हस, पण वाच. दुसऱ्याला वाचाय देऊ नको.

तुझा बाप कोंडिबा तुला न्यायला आला तर तू त्याला च्या पाजून परत धाडलास. आईवर राग हाय, घरी येणार न्हाई, असं म्हणालीस. घरी येऊन तो तसाच भिंतीला टेकून बसला. तुझी आई चुलीपुढं. मी विचारलं, काय म्हणली पोरगी, तवा त्यानं हे सांगितलं.

तुझ्या आईचं चुकलं न्हाई.

तुझ्या लग्नाची पेटी तिनंच भरली व्हती. आपल्या धम्माच्या लग्नात नवरीनं नेसायचं पांढरं पातळ खाली, वर तुझी झंपरं. मग ती पाण्याला गेली. जास्त काय लिहू. मी पेटी उघडली, पांढरं काढलं, हिरवं ठेवलं. हिरवं मी घोडनदीच्या बाजारातनं शेंगा विकून आणलं व्हतं. कुणाला म्हणून सांगितलं न्हाई.

तू शिकलेली, म्हणशील आजी अडाणी. दीक्षा मी बी घेतली. देव मी माझ्या हातानं नदीत सोडले, तवा तुझा आजा न्हवता धीर द्यायला. पण पांढऱ्याचं भ्या मला सुटंना. ऐक, का ते.

गावाला पांढरी म्हणत्यात. पांढरीत आपल्याला घर न्हवतं, आपण वेशीबाहेर. ते पांढरं त्यांचं. मग माझा मालक पटकीनं गेला. कोंडिबा पोटात व्हता. सासूनं माझं कपाळ पुसलं आन् म्हणली, पांढऱ्या पायाची, आली आन् माझं लेकरू खाल्लं. मी खाली बघितलं. पाय तर तव्याच्या बुडावानी काळे. तवा हसू बी आलं आन् रडू बी. मग जलमभर तेच. कुणाच्या हळदीला गेले की बाया म्हणायच्या, सोजरे, जरा मागं बस. पांढरं कपाळ पुढं नगं. माझ्या वाट्याला आलेलं पांढरं तेवढंच.

विहारातल्या बौद्धाचार्यांनी मला समजावलं व्हतं की. म्हणले, आजी, पांढरं म्हंजी शुद्ध, निर्मळ. मी म्हटलं, बाबा, तुझं कपाळ कुणी पुसलं न्हाई. ते हसले. मी हसण्यासाठी म्हटलं न्हवतं.

तर दौंडला मांडवात पेटी उघडली आन् हिरवंगार निघालं. तुझ्या सासरची साखरबाई म्हणली, "दीक्षेला ईस वरसं होत आली, अजून तुमचं हिरवं सुटंना व्हय?" तुझी आई पांढरीफटक पडली. तू तिला म्हणलीस, "आई, एवढं एकच काम सांगितलं व्हतं." ती बिचारी पेटीतच हात घालून चाचपत राहिली, जसं काय सापडंल. मी शेजारी उभी. तवा बोलायचं व्हतं. बोलले न्हाई. सासरच्या समद्यांपुढं माझी लाज जाईल म्हणून तुझ्या आईची जाऊ दिली.

आन् पुढचं तर तुला ठावं हाय. दुकानं लांब, माणसं खोळंबलेली. तू माझ्या गाठोड्यातनं माझं पातळ ओढलंस. म्हणलीस, "आजे, विहारात नेसतीस ते दे, धुतलेलं हाय." विहारात नेसते खरं. पण ते रंडकीचं पातळ पोरी. माझ्या अंगावरचं. मी न्हाई म्हणाय तोंड उघडलं तर तू नेसायला आत गेली बी व्हतीस. जे टाळाय मी चोरी केली, तेच माझ्या गाठोड्यातनं तुझ्या अंगावर गेलं. फोटोत समद्यांची तोंडं पुढं हायेत, माझं एकटीचं मागं वळलेलं हाय. कोंडिबा म्हणतो म्हातारी फोटोला लाजली.

संपतराव रेल्वेत डबे जोडत्यात. दोन डब्यांच्या मधी उभं राहून. त्या पातळाचं त्यांना काय भोवंल ह्या घोरानं मी रोज एस.टी. डेपोत जाते, दौंडच्या गाडीच्या कंडक्टरला विचारते, दौंडात समदं ठीक हाय न्हवं? काल तो म्हणला, "म्हातारे, दौंडात माणसं काय मला सांगून मरत्यात व्हय?" मी 'मरत्यात' एवढंच ऐकलं आन् माघारी फिरले. अशी काय मोठी शहाणी न्हाई मी, एवढं आता कळलं.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती पीठ मळत व्हती, मळतच राहिली. मग म्हणली, "आत्याबाई, मला सांगून काय उपेग. जिला सांगायचं तिला सांगा." म्हणून हे पत्र.

ती पुढच्या बेस्तरवारच्या गाडीनं दौंडला येतीया. तिच्या पिशवीत तुझं नवं पांढरं पातळ हाय, माझ्या वाकळंखाली व्हतं, घडी मोडलेली न्हाई. माझं तिच्याजवळ परत दे. तुझ्या घरात ते एक दिवस ठेवू नको. तू हसशील. हस, पण दे.

मी येत न्हाई. मला बोलवू बी नको इतक्यात. तुझ्या आईला मात्र आधी पाणी दे, मग बोल. ती आपण होऊन एक शब्द बोलणार न्हाई, तुलाच बोलावं लागंल.

पांढरं लपवून ठेवणारी,
तुझी आजी सोजराबाई