तीन फुटांचं दार

४ फेब्रुवारी

ठरलं. परसात खोली बांधायची. ह्यांचं सुतारकामाचं टेबल तिकडे हलवायचं आणि घरातली खोली लेकीला मोकळी करून द्यायची. तिची बदली झालीय. एक एप्रिलपासून ती आणि जावई इथेच राहणार. फोनवर म्हणाली, आई, आत्ताच खरं सांग, नाहीतर आम्ही भाड्याने जागा बघतो. ते टेबल तुझ्याच्याने हलायचं नाही. म्हटलं, बघच तू.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी काही भावनेत वाहून जाणारी बाई नाही.

६ फेब्रुवारी

वाचनालयातून बांधकामावरची तीन पुस्तकं आणली. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं पुस्तकांतूनच शिकले. ‘पाया’ हे प्रकरण वाचून झालं. अवघड काही नाही. लोक उगाच इंजिनिअरचं घर भरतात.

९ फेब्रुवारी

गवंडी येऊन गेला. बुटका, हसतमुख. काहीही सांगा, म्हणतो, तुम्ही म्हणाल तसं, मावशी. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत.

१२ फेब्रुवारी, सकाळी

गवंड्याने आपला टेप काढला. मी परत खिशात घालायला लावला. मापं ह्यांच्या टेपनेच होणार. टोक तुटलंय, पण बाकी टेप ठणठणीत आहे. आयुष्यभर ह्यांनी ह्याच टेपने कामं केली, एक कपाट कधी वाकडं झालं नाही.

टेबल मोजायची गरजच नव्हती. रुंदी पावणेतीन फूट, उंचीही पावणेतीन. ह्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणून दार तीन फुटांचं. जरा सैल बरं. गवंडी म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.

२६ फेब्रुवारी

भिंती उभ्या राहिल्या. शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, अगंबाई, एवढीशीच? पोटात दुखतंय तिच्या. छप्पर चढलं की खोली मोठी दिसते, असं पुस्तकात आहे. निदान असायला हवं.

७ मार्च

पत्रे दुकानातून माप सांगून कापून आणले, तर अर्धा फूट बाहेर आले. दुकानदाराला फोनवर झापलं. तो म्हणे, बाई, तुम्ही सांगितलं तेवढेच कापलेत. उद्धट माणूस. असू दे, पाऊस भिंतीवर येणार नाही. मनात होतंच माझ्या.

१५ मार्च

खोली तयार. आज टेबल हलवायचं होतं. नाही हलवलं. रंग ओला आहे.

२० मार्च

सुतार आला होता. त्याने दारावर बोट फिरवून दाखवलं, म्हणाला, कोरडाठाक आहे. त्याची बोटं राठ, त्याला काय कळणार. मग म्हणाला, टेबलाच्या शिकंज्यात फळी अडकलीय, ती काढून ठेवा म्हणजे उचलायला बरं. माझ्या पुस्तकांच्या मांडणीची फळी आहे ती. ह्यांनी आवळली, ती तशीच आहे. सांगितलं, फळीसकट उचलायचं. आज नको पण. माझी कंबर धरलीय. उचलणार तो, पण उभं तर मला राहावं लागणार ना.

३० मार्च

लेक आणि जावई सामानासकट आले. जावई कौतुकाने नवी खोली बघायला गेले आणि कपाळ फोडून घेतलं. गवंडी ताठ जातो, मी ताठ जाते. उंच माणसांना वाकायची सवय नसते, हेच खरं. टेंगळावर बर्फ दिला.

संध्याकाळी

टेबल दारातून जात नाही. सरळ नाही, आडवं नाही. जावई, सुतार, गवंडी तिघेही घामाघूम. गवंडी म्हणाला, दार लहान झालं वाटतं, मावशी. आता सुचलं ह्याला. सुतार म्हणाला, पाय कापू का? मी शांतपणे नाही म्हटलं. लेक म्हणते, किंचाळलीस. मग भिंत फोडायची गोष्ट निघाली. म्हटलं, नव्या भिंतीला कोणी हात लावायचा नाही.

लेकीने टेप उचलला. आधी खो खो हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, आई, ह्याचा पहिला अर्धा फूट कुठाय? बाबा कायम सहा इंचांपासून मोजायचे. तूच कटकट करायचीस ना रोज, नवा टेप आणा म्हणून? खरंच विसरलीस?

मी चहा टाकायला आत गेले. अशी कटकट मी केल्याचं आठवत नाही.

३१ मार्च

लेक माझ्याशी कामापुरतं बोलतेय. जावयांनी भाड्याच्या जागेसाठी एजंटला फोन केला. ‘पाया’ प्रकरण पुन्हा वाचलं. पहिल्या वेळेइतकं सोपं नाही वाटलं.

दुपारी टेबल पुसत होते. लेक दारात उभी राहून बघत होती. कधीपासून, कोण जाणे.

१ एप्रिल

एजंटला नको म्हणून कळवलं. लेकीने फर्मान काढलं: टेबल आहे तिथेच राहील. ती त्यावर लॅपटॉप ठेवून ऑफिसचं काम करणार. उंची छान आहे म्हणे. ते दोघं झोपायला माझ्या खोलीत. आणि मी परसात. सुतार म्हणाला, तुमचा पलंग जाईल. गेलाही, एका झटक्यात. त्याचं माप मी घेतलं नव्हतं.

खरं तर मला वाचायला अशी निवांत जागा हवीच होती. सगळं ठरवल्याप्रमाणेच झालं.

२ एप्रिल

लेकीने फळीला पर्स अडकवली होती. काढ म्हटलं. काढून खुर्चीला अडकवली.

५ एप्रिल, दुपारी

टेबल पुसायला घरात गेले, तर दाराला आतून कडी. लेक आतूनच ओरडली, आई, मीटिंग चालू आहे, नंतर ये.

फडकं घेऊन माझ्या खोलीत परत आले. मी काही भावनेत वाहून जाणारी बाई नाही. मीटिंग किती वाजता संपते, तेवढं जावयांना विचारून ठेवलंय.