तात्यांचे स्क्रूचे दात

३ एप्रिल २०१६, दिंद्रुड

शी! तात्यांचं तोंड आज जवळून बघितलं. समोरचे चार दात गेलेत, हिरड्यांतून पू, वरून गुटखा. "बघ बे, बॅटरी मार." मारली. दुपारी भाकरी उतरली न्हाई.

तात्या म्हणजे माझे चुलते, सुंदरराव. सोसायटीचे चेअरमन. जूनमध्ये साखर कारखान्याची निवडणूक, भाषणाला दात पाहिजेत. तेबी काढायघालायचे नकोत — हाडात स्क्रू मारून पक्के!

५ एप्रिल

माजलगावला दाताच्या डॉक्टरकडं गेलतो. मोटरसायकल मी चालवली. डॉक्टर म्हणाला, साखर लई हाय. अशात हाड स्क्रूला धरत न्हाई, जखम चिघळते. गुटखा सोडा, गोळ्या येळेवर घ्या, साखर उतरली की बसवू. "मग उद्या उपाशी येतो की!" — तात्या. डॉक्टर हसला. म्हणे रक्ताची ही तपासणी मागच्या तीन महिन्यांचं सांगते, एका उपासानं फसत न्हाई.

बाहेर पडल्या पडल्या तात्यांनी काय केलं? पेढे घेतले!

येताना मी सारखी गाडी थांबवत होतो. "गावाला न्हाई आन् तुला नळ लागला की बे!" मागं बसून हसतात, वास मानेवर येतो. थू!

९ एप्रिल

पेंड आणायला निघालो आन् धारूरच्या किल्ल्यात जाऊन बसलो. बुरुजाच्या सावलीत डोळा लागला. हल्ली कुठंबी लागतो. पेंड राहिलीच.

१२ एप्रिल

चारा छावणीवर. ही बी तात्यांच्या सोसायटीचीच. जनावरं नुसती हाडं, टँकरचं पाणी गढूळ, तरी मी तांब्यावर तांब्या ढोसतोय. शेळ्यावाल्या चतुराबाई ओरडल्या, "आरं, म्हशींला ठिव की जरा!"

पत्र्यामागं तात्या मुततात तिथं काळ्या मुंग्यांची ही रांग! चतुराबाई पदर तोंडाला लावून म्हणतात, "चेअरमनचा कारखाना हितंच चालू हाय बाबा." हसू न्हाई आलं. ओकारी आली.

१९ एप्रिल

तात्यांची अक्कल — "रक्त तू दे, नाव माझं सांग. चोवीस वर्षांचं कोरं रक्त!" बदल्यात जुनी मोटरसायकल कायमची माझी.

विमलकाकू चिडल्या. "अवो, जबडा सडंल!"

"निवडणुकीपर्यंत टिकला तरी बास."

असल्या माणसाचं मीठ खातो आपण. किळस आली. तरी हो म्हणालो. गाडी मिळाली की थेट कोकण. समुद्र बघायचाय. एवढं पाणी!

२० एप्रिल

दिलं रक्त. नाव सुंदरराव, वय अठ्ठावन्न. रक्तवाल्यानं मोबाईलातून मान वर केली न्हाई.

२२ एप्रिल

डॉक्टरचा फोन आला. मग तात्यांचा आवाज पार वेशीपर्यंत — "साखर वाढली म्हणतोय! होती त्याच्यावर गेली! काय गिळून गेलतास बे?"

"चहाबी न्हाई घेतला, तात्या."

"मग रक्तवालाच चोर!" गाडीची चावी परत खिशात.

 काकू माझ्या ढिल्या झालेल्या सदऱ्याकडं बघत राहिल्या.

२३ एप्रिल

सकाळी छावणीवर गेलो. तात्यांच्या जागेकडं न्हाई — मी जातो त्या बाभळीखाली. वाकून बघितलं.

मुंग्या.