दामिनीच्या गोळ्यांची तपासणी

११ जुलै, शुक्रवार
ही वही दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनं दामिनीले दिली. मनात येईल ते लिही, कोणाले दाखवू नको म्हणे. पोरीनं चुलीपाशी टाकून दिली. चांगली शंभर पानी वही वाया कायले जाऊ द्याची? मीच लिहून राहिली. चौथी पास आहे. अक्षर वाईट आहे, पण पाहाले कोण येते?

दामिनी माझी पोरगी, एकोणीस वर्षांची. नागपूरले होस्टेलात होती. मार्चमध्ये फोन आला, चार दिवसांपासून दार उघडत नाही, जेवत नाही. घेऊन आली. तवापासून भिंतीकडं तोंड. गावची आशाताई उर्वशी सांगून सांगून थकली, काकू, हा बी आजारच असते, दाखवा. चार महिने मी ऐकलं नाही. आज नेलं.

डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्या. सकाळची पांढरी, रातची पिवळी. पंधरा-पंधरा, मंग पंचवीसले पुन्हा दाखवाचं. मॅडमनं मले बजावलं, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, रोज आपल्या हातानं द्या. पहिल्याच भेटीत माणूस ओळखला बाईनं. डबा धानाच्या कोठीत लपवला.

१२ जुलै
एक दिवस झाला. फरक नाही.

१३ जुलै
दोन दिवस झाले. दामिनी अजून हसली नाही. उर्वशीले झापलं. ती म्हणे, काकू, असर दिसाले दोन-तीन आठवडे लागतात. तीन आठवड्यांत माझी अख्खी धानाची रोवणी होते!

१४ जुलै, सोमवार
भाजीतलं मीठ पाहिल्याशिवाय मी कोणाले वाढत नाही. मंग पोरीले गोळी अशीच कशी देऊ? तपासाले पिवळी अर्धी खाल्ली. आईची जबाबदारी असते.

१५ जुलै
डोळा उघडला तं सात वाजले होते! बाया धानाच्या बांधीत चिखलात उभ्या, अन् त्यायले रोपं दाखवणारी मी घरात घोरत. शोभाताई म्हणे, रुखमिणीबाई, आज सूर्य पश्चिमेकडून निघाला का? तिले म्हटलं, तू आपली ओळ सरळ लाव.
गोळी चांगली आहे. तपासणी झाली. उरलेली अर्धी फेकाची कशी, म्हणून खाल्ली.

१६ जुलै
अर्ध्या गोळीनं पक्कं समजत नाही. आज पूर्ण.

१८ जुलै
तीन दिवसांपासून पूर्ण खाऊन राहिली. सवय बिवय काही लागली नाही. उद्या सोडते म्हटलं तं उद्या सोडू शकते. परवा पक्कं.

शोभाताईनं रोवणीत वाकून दुखणाऱ्या टोंगळ्यासाठी एक गोळी मागितली, दामिनीची चालते का म्हणे. मी चांगली हाणली तिले. दुसऱ्याच्या नावाची गोळी खाते का कोणी, अक्कल आहे का?

१९ जुलै, शनिवार
दामिनीनं आज स्वतःहून वेणी घातली. अंड्याचा रस्सा मागितला, दोन भाकरी खाल्ल्या. मी मागं जाऊन भांडे घासले, घासलेलेच.
आज शेवटची तपासणी.

२० जुलै
अंगणवाडीत उर्वशीची मीटिंग. पोरांची नशा, गोळ्या, मन. भिंतीवर कागद लावला, १४४१६ ले फोन करा, फुकटात बोलतात. मी उठून भाषण दिलं, आपल्या घरच्या गोळ्यांवर नजर ठेवा, बायांनो! टाळ्या पडल्या. मंग तिथंच भिंतीले टेकून माझा डोळा लागला. रोवणीचा थकवा.

२१ जुलै, सोमवार
डब्यात पिवळी एकही नाही. अजून पाच दिवस काढाचे आहेत.
दामिनीले सांगतलं, तुले आता पिवळीची गरज नाही, तू सुधारली. डॉक्टरच्या आधी आईले समजते. ती माझ्याकडं पाहतच राहिली.

२३ जुलै
दोन राती दोघी बी जाग्या. वेणी नाही, जेवण नाही. पुन्हा भिंत.
मंगेशच्या मेडिकलात गेली. काकू, चिठ्ठीशिवाय ही गोळी देता येत नाही म्हणे. याले मी शेंबडा असताना पाहिला. तरी नाही दिली.
शुक्रवारी मॅडमले काय सांगाचं ते ठरवलं. सोपं आहे.

२५ जुलै, शुक्रवार
सोपं नव्हतं.
मॅडमनं डबा उघडला. पिवळ्या पाच दिवस आधीच कशा संपल्या? मी म्हटलं, उंदरानं नेल्या, कोठीत लय उंदीर आहेत. मॅडमनं डॉक्टरीणबाईले बोलावलं. त्या मले बाजूले घेऊन हळूच म्हणे, मावशी, गोळ्या कमी निघाल्या म्हणजे पोरीनं एकदम खाल्ल्या का, का कुठं जमा करून राहिली, हे पाहावं लागते. आज भरती करतो.

दामिनी जमिनीकडं पाहून राहिली होती. नर्स कागद भराले लागली. नाव भरलं. गाव भरलं.

मी ओरडली, मी खाल्ल्या! तपासाले!

कोणी हसलं नाही. हसले असते तं बरं झालं असतं. डॉक्टरीणबाई म्हणे, दुसऱ्याची गोळी खाऊ नये, अन् चालू असलेली आपल्या मनानं बंद करू नये, यानंच पोरीले त्रास झाला. आता पुन्हा चालू करू, होईल ठीक. भरतीचा कागद फाडला.

दामिनी म्हणे, "मले माहीत होतं, आई."
"मंग बोलली काहून नाही?"
"तू झोपत होती ना."

डॉक्टरीणबाईनं मले बसवलं. कधीपासून झोप नाही? मी म्हटलं, मले काय धाड भरली? त्यायनं खुर्ची जवळ ओढली. मंग म्हटलं, होस्टेलचा फोन आला तवापासून. ही निजली की श्वास चालू आहे का, हे पाहत बसते. दोनच शब्द बोलाचे होते. अर्धा तास झाला. बाहेर लाइनीतल्या बाया दार ठोकाले लागल्या.

माझ्या नावाचा नवा केस पेपर काढला. त्यावर वय बावन्न टाकलं. मले एक्कावन्नच आहेत, दिवाळीले बावन्न होतील. म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. खिडकीवरची पोरगी म्हणे, मावशी, पुढच्या टायमाले करू.

पुढच्या टायमाले. म्हणजे आता यावंच लागते.